वायरलेस सायकल कॉम्प्युटर वेग दाखवत नाही? आमच्याकडे पाठवण्याआधी हे करून बघा

प्रिय ग्राहक,

"सायकल चालतेय, पण स्क्रीनवर शून्यच दिसतंय." आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. असा कॉम्प्युटर आम्ही टेबलावर घेतो, सेन्सरसमोर हातानं चुंबक फिरवतो आणि बहुतेक वेळा आकडा लगेच उमटतो. म्हणजे यंत्र ठणठणीत असतं, बिघाड बसवणीत असतो. ग्राहकाचे मात्र पाठवण्या-आणण्यात कितीतरी दिवस गेलेले असतात. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हे पत्रक. यातलं बहुतेक काम घरच्या घरी, सायकल भिंतीला टेकवून होतं.

आत नेमकं काय चालतं

एवढं कळलं की अर्धा बिघाड आपोआप सापडतो. पुढच्या चाकाच्या आऱ्यावर एक चुंबक असतो, चिमट्यावर, म्हणजे ते चाक धरणाऱ्या दांड्यावर, सेन्सर असतो आणि हँडलवर स्क्रीन. सेन्सरच्या पोटात बोटाच्या पेरापेक्षा लहान काचेची नळी असते. तिच्यात दोन लवचीक लोखंडी पात्या, टोकाशी एकमेकींपासून केसभर दूर. चुंबक समोर आला की त्या चिकटतात, पुढे सरकला की सुटतात. हा रीड स्विच. १९३६ साली बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी तो तयार केला आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तो भरपूर वापरला गेला. इतकी जुनी आणि साधी गोष्ट आजही तुमच्या चाकाचे फेरे मोजतेय, याचं आम्हाला मनापासून कौतुक आहे.

पात्या एकदा चिकटल्या म्हणजे चाकाचा एक फेरा झाला. सेन्सर तेवढा एक ठोका रेडिओवरून स्क्रीनकडे पाठवतो. स्क्रीन त्या ठोक्याला चाकाच्या घेरानं गुणते आणि वेळेनं भागते. तिला रस्ता कळत नाही, चढ कळत नाही, फक्त ठोके कळतात. त्यामुळे शोधायचं एवढंच, की ठोका तयार होतोय का, तो स्क्रीनपर्यंत पोचतोय का आणि स्क्रीन त्याला बरोबर आकड्यानं गुणतेय का.

सगळ्यात आधी हातानं तपासा

स्क्रीनचं बटण दाबून ती जागी करा. बरेच कॉम्प्युटर काही मिनिटं हालचाल नसली की झोपतात, आणि काही मॉडेलं बटण दाबल्याशिवाय उठतच नाहीत. आता सेन्सर आणि स्क्रीन दोन्ही सायकलवरून काढा आणि टेबलावर वीतभर अंतरावर ठेवा. आऱ्यावरचा चुंबक सोडवून घ्या आणि सेन्सरवरच्या खुणेसमोरून, अगदी जवळून, सेकंदाला दोनदा (एकदा पुढे, एकदा मागे) असा एका लयीत न्या. खूण ओलांडून चुंबक दरवेळी चार बोटं तरी पलीकडे जाऊ द्या, नाहीतर पात्या सुटणारच नाहीत. ७०० मापाच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर स्क्रीनवर ताशी १५ किलोमीटरच्या आसपास आकडा यायला हवा. थोडा वर-खाली झाला तरी चालेल, हात काही घड्याळ नाही.

आकडा आला तर यंत्र चांगलं आहे, दोष बसवण्यात किंवा आसपासच्या कशात तरी आहे. आला नाही तर आधी सेल बदला, मग जोडणी, म्हणजे स्क्रीनला सेन्सरची ओळख करून देणं, नव्यानं करा आणि त्यानंतरच सेन्सरवर संशय घ्या. ही दोन मिनिटांची चाचणी कृपया टाळू नका, पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

चुंबक आणि सेन्सर यांच्यामधली फट

घोळ बहुतेक इथंच असतो. चुंबक आणि सेन्सर यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर अंतर असावं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. मोजपट्टी आत जात नाही, म्हणून आम्ही जाड पुठ्ठ्याचा तुकडा फटीत घालून पाहतो. चाक हळू फिरवून चुंबक सेन्सरवरच्या रेषेसमोरूनच जातो ना, हेही डोळा खाली नेऊन बघा. वरून पाहिलं तर नजर फसते. अंतर बरोबर पण चुंबक रेषेच्या बोटभर वरून जातोय, असं आम्ही कितीतरी सायकलींवर पाहिलंय.

डिस्क ब्रेकच्या सायकलींचे चिमटे रुंद असतात, त्यामुळे फट मोठी राहते. अशा वेळी लोक सेन्सरखाली रबराचे तुकडे घालतात. तेही चालतं, पण त्याआधी एक सोपा उपाय करा. सेन्सर आणि चुंबक दोन्ही खाली, हबच्या म्हणजे चाकाच्या मध्यभागाच्या दिशेला सरकवा. आरे रिमच्या मध्यावर एकत्र येतात आणि हबपाशी बाहेर, चिमट्याच्या जवळ असतात. त्यामुळे खाली सरकवलं की फट आपोआप कमी होते.

याचा दुसरा फायदा वेगात जाताना कळतो. ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला पाचापेक्षा जास्त फेरे घेतं. हबपासून ३० सेंटिमीटरवर बसवलेला चुंबक तेव्हा सेन्सरसमोरून सेकंदाला जवळजवळ १० मीटर वेगानं निघून जातो. तोच १२ सेंटिमीटरवर बसवला तर सुमारे ४ मीटर वेगानं. पात्यांना चिकटायला तेवढा जास्त वेळ मिळतो. सपाट रस्त्यावर वेग बरोबर दिसतो आणि उतारावर अचानक शून्य होतो, ही तक्रार असेल तर हाच उपाय आधी करा.

पण खाली सरकवण्यालाही मर्यादा आहे. साध्या, जोडणी न लागणाऱ्या सेन्सरचा रेडिओ फार अशक्त असतो. तो बहुतेक मॉडेलांत ६० ते ७० सेंटिमीटरपर्यंतच पोचतो. सेन्सरपासून स्क्रीनपर्यंत सरळ रेषेत टेप लावा. त्याहून जास्त अंतर भरलं तर सेन्सर वर घ्या किंवा स्क्रीन हँडलऐवजी स्टेमवर, म्हणजे हँडल आणि चिमटा जोडणाऱ्या तुकड्यावर, आणा. सेन्सरचं तोंड कुठे आहे यानंही फरक पडतो. अंतर बरोबर असूनही आकडा येत-जात असेल तर सेन्सर चिमट्याभोवती थोडा फिरवून बघा.

सगळं जमलं की पट्ट्या घट्ट ओढा. सैल पट्टीनं सेन्सर हळूहळू चाकाकडे वळतो आणि एक दिवस आऱ्यांत अडकतो. चालत्या सायकलचं पुढचं चाक असं अडकलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. म्हणून दर काही दिवसांनी सेन्सर बोटानं हलवून बघत जा.

सेल

स्क्रीन चालू आहे म्हणजे सेल चांगला आहे, हा समज सोडून द्या. एकतर स्क्रीनचा सेल वेगळा आणि सेन्सरचा वेगळा. शिवाय स्क्रीनवरचे आकडे नाममात्र विजेवर दिसत राहतात, पण सेन्सरला प्रत्येक ठोक्याला एक झटका वीज लागते. दमलेला सेल आकडे दाखवू शकतो, ठोका पाठवू शकत नाही. मीटरवर तो ३ व्होल्टच्या जवळपास दिसतो आणि कामाला लावला की बसतो. थंडीत पहाटे आकडा गायब होतो आणि ऊन चढल्यावर परत येतो, असं होत असेल तर सेन्सरचा सेल संपत आलाय, डोळे मिटून बदला.

आमच्या बहुतेक मॉडेलांत सीआर २०३२ हा बटण सेल लागतो. नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. सीआर २०२५ तितकाच रुंद पण पातळ असतो. तो बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात संपर्क सोडतो, तो घालू नका. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही सेलांवर कडू थर दिलेला असतो. तो नेमका संपर्काच्या जागी आला तर नवा सेलही मेल्यासारखा वागतो. कोरड्या कापडानं पुसा. आतल्या पितळी पट्टीवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर पेन्सिलीच्या खोडरबरानं घासून काढा आणि पट्टी किंचित वर उचला.

सेल काढण्याआधी एकूण अंतराचा आकडा आणि चाकाचा घेर कागदावर लिहून घ्या. साध्या मॉडेलांत सेल काढताच दोन्ही पुसले जातात. वर्षानुवर्षांचे किलोमीटर असे गेले की माणूस खरोखर हळहळतो. काही मॉडेलांत जुनं अंतर पुन्हा भरता येतं, पण त्यासाठी ते लिहिलेलं असायला हवं.

काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका. बटण सेल गिळला गेला तर दोन तासांतच अन्ननलिका आतून भाजू शकते. नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

दिवा, मोबाईल आणि शेजारचा सायकलस्वार

एका ग्राहकानं तीनदा सेल बदलून शेवटी सायकलच आमच्याकडे आणली. दुपारी सगळं ठीक, रात्री शून्य. आम्ही स्क्रीनशेजारचा एलईडी दिवा लावला आणि आकडा आमच्या डोळ्यांदेखत गेला. विझवला, परत आला. तेजस्वी दिव्यांमधलं विजेचं सर्किट वेगानं चालू-बंद होत असतं आणि त्याचा गोंगाट साध्या सेन्सरचा बारीक ठोका बुडवून टाकतो. दिवा हँडलच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि काम झालं. मोबाईलचं चार्जिंग, ई-सायकलची मोटार, उच्च दाबाच्या तारा, रेल्वे फाटक, यांच्याजवळही तसंच होऊ शकतं. "कमाल वेग" मध्ये ताशी १२० असा अशक्य आकडा दिसला तर तोही अशाच गोंगाटाचा. तो रीसेट करा, बाकी काळजीचं कारण नाही. शेजारून त्याच जातीचा साधा सेन्सर लावलेली सायकल चालली तर तिचे ठोकेही तुमच्या स्क्रीनवर येऊ शकतात.

ब्लूटूथ किंवा एएनटी प्लस (सेन्सरसाठीची अशीच एक रेडिओ पद्धत) वापरणाऱ्या सेन्सरना हा त्रास फार कमी होतो, कारण प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. त्यांचं दुखणं वेगळं. ब्लूटूथ सेन्सर बहुधा एका वेळी एकाच यंत्राशी बोलतो. तुमच्या फोनमधल्या ॲपनं तो आधीच धरून ठेवला असेल तर स्क्रीनला तो सापडणारच नाही. फोनचं ब्लूटूथ बंद करा, चाक फिरवून सेन्सर जागा करा आणि मग शोधा. तरीही नाही जमलं तर स्क्रीनमधून जुना सेन्सर काढून टाकून नव्यानं जोडा, आणि ते काम इतर सायकलींपासून लांब उभं राहून करा.

आकडा येतो, पण चुकीचा

ताशी २५ नं जाताना १५.५ दिसत असेल तर स्क्रीन मैलांवर गेलीय. बरोबर दुप्पट दिसत असेल तर चाकावर दोन चुंबक आहेत का बघा, जुना राहून गेलेला असतो. एकच असेल तर तो फार जवळ आल्यानं एका फेऱ्याला दोन ठोके पडत असतील, फट किंचित वाढवा. थोडाच फरक असेल तर चाकाचा घेर तपासा. ७००×२३ टायरचा घेर साधारण २०९६ मिलिमीटर, ७००×२८ चा २१३६. २३ च्या जागी २८ चा टायर घातला आणि आकडा तसाच ठेवला तर दर १०० किलोमीटरला जवळजवळ २ किलोमीटर कमी मोजले जातात.

तक्त्यातल्या आकड्यापेक्षा स्वतः मोजलेला चांगला. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरा, व्हॉल्व्ह अगदी खाली आणा, जमिनीवर खडूची रेघ मारा. सायकलवर बसा, कारण वजनानं टायर दबतो आणि घेर कमी होतो. कुणाला तरी धरायला सांगून सरळ रेषेत तीन फेरे पुढे जा, पुन्हा रेघ मारा, अंतर मिलिमीटरमध्ये मोजून तीननं भागा. तोच आकडा भरा.

घरात ट्रेनरवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्टँडवर, सायकल चालवताना शून्य दिसतं, अशीही विचारणा होते. पुढचं चाक फिरतच नाही, त्यामुळे ठोका येत नाही. मागच्या चाकाला सेन्सर लावावा लागेल.

पाणी आणि ऊन

काचेखाली वाफ दिसली तर सेल काढा, झाकण उघडं ठेवा आणि दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर राहू द्या. हेअर ड्रायर नको. झाकणाची रबरी चकती चिरलेली असेल तर बदलून घ्या. कडक उन्हात स्क्रीन काळी पडली तर घाबरू नका, सावलीत आणल्यावर सहसा ती आपोआप उजळते.

तरीही चाललं नाही तर

नवा सेल घालूनही हातानं केलेल्या चाचणीत काहीच आलं नाही, तर बहुधा सेन्सरमधली काचेची नळी फुटली असेल. सायकल पडल्यावर असं होतं. ती दुरुस्त होत नाही, सेन्सर बदलावा लागतो, पण स्क्रीन तीच वापरता येते. पाठवताना स्क्रीन, सेन्सर आणि चुंबक तिन्ही एकत्र पाठवा, सेल बाहेर काढून वेगळ्या कागदात गुंडाळा. सोबत चिठ्ठीवर लिहा: बिघाड कधी दिसतो, त्या वेळी दिवा किंवा फोन चालू होता का, सेन्सर आणि स्क्रीन यांच्यात किती सेंटिमीटर अंतर भरलं आणि हातानं केलेल्या चाचणीत स्क्रीनवर काय आलं. सायकलवर बसवलेल्या अवस्थेतला चिमट्याचा एक फोटो जोडलात तर फार मदत होईल.