स्टार ट्रेक : मालिकांचा सूर आणि कथनपद्धती

‘स्टार ट्रेक’ हा अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९६६ मध्ये सुरू झालेला विज्ञानकथांचा मालिकासमूह. त्यातील निरनिराळ्या मालिकांचा सूर आणि गोष्ट सांगण्याची रीत यांची तुलना हा या नोंदीचा विषय आहे. या मालिका एकाच काल्पनिक विश्वात घडतात. ग्रहांचा संघ असलेले फेडरेशन, त्याचे स्टारफ्लीट हे दल, क्लिंगॉन आणि रोम्युलन या जमाती सगळीकडे त्याच आहेत. तरीही दोन मालिका लागोपाठ पाहिल्या तर त्या एका घरातल्या आहेत हे पटायला वेळ लागतो. या फरकाचे कारण सहसा कॅप्टनच्या स्वभावात किंवा मालिकेच्या काळात शोधले जाते. त्यात तथ्य आहे, पण अधिक उलगडा एका साध्या प्रश्नाने होतो : एका भागात घेतलेल्या निर्णयाचे पुढच्या भागात काय होते? जी मालिका मागचे विसरते तिला दर आठवड्याला नवा सूर लावता येतो. जी मालिका मागचे लक्षात ठेवते तिच्या प्रसंगांना वजन येते, पण तिचा सूर बांधला जातो. स्टार ट्रेकच्या जवळपास साठ वर्षांच्या वाटचालीत या दोन टोकांमधली ओढाताण सतत दिसते.

मूळ मालिका : एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात तीन पर्वांत ७९ भाग दाखवले गेले. निर्माते जीन रॉडनबेरी यांनी ही कल्पना वाहिनीपुढे मांडताना ‘वॅगन ट्रेन’ या तेव्हाच्या लोकप्रिय वेस्टर्न मालिकेचा दाखला दिला होता. तांडा पुढे सरकतो आणि प्रत्येक मुक्कामी नवी माणसे, नवा पेच समोर येतो, असा तो साचा. पहिला नमुना भाग वाहिनीने फार बौद्धिक ठरवून नाकारला आणि दुसरा मागवला. विचार आणि हाणामारी यांची सांगड घालण्याची कसरत तिथूनच सुरू झाली. भडक रंग, ब्रास वाद्यांचे ठसठशीत संगीत, नाटकासारखी मोठ्या आवाजातली संवादफेक असा या मालिकेचा थाट आहे. कॅप्टन कर्कच्या एका बाजूला तर्काने चालणारा स्पॉक आणि दुसऱ्या बाजूला भावनेने पेटणारा डॉक्टर मॅकॉय उभा असतो. त्यामुळे कर्कच्या मनातला वाद प्रेक्षकाला समोर चाललेला दिसतो. कॅप्टनची नोंदवहीही इथे कामाची वस्तू आहे. जाहिरातींनंतर परतलेल्या प्रेक्षकाला गोष्ट कुठवर आली ते ती सांगते.

‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ (६ एप्रिल १९६७) हा भाग या रीतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवतो. कर्क आणि स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. तिथे गरिबांसाठी अन्नछत्र चालवणाऱ्या ईडिथ कीलरवर कर्कचा जीव जडतो. ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि नाझी जर्मनी जिंकेल, हे स्पॉकला समजते. ईडिथ रस्ता ओलांडताना समोरून ट्रक येतो, मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला मिठीत घट्ट धरून ठेवतो. मालिकेतला हा सर्वांत दुःखद क्षण असावा. पुढच्याच आठवड्यात कर्कचा सख्खा भाऊ मेलेला सापडतो. तिथे ईडिथचे नाव निघत नाही. आजच्या प्रेक्षकाला हे खटकते. पण भाग सुटे असल्यामुळेच डिसेंबर १९६७ मध्ये हीच मालिका केसाळ, गुबगुबीत ट्रिबल नावाच्या प्राण्यांनी यान भरून टाकून निखळ विनोदी भाग करू शकली. त्यात कुणाला काही विसंगत वाटले नाही. १९७३-७४ मधल्या २२ भागांच्या अ‍ॅनिमेशन मालिकेने हाच साचा अर्ध्या तासाच्या वेळेत बसवला.

द नेक्स्ट जनरेशन : २८ सप्टेंबर १९८७ ते २३ मे १९९४, सात पर्वे, १७८ भाग. ही मालिका कोणत्याही एका राष्ट्रीय वाहिनीची नव्हती. ठिकठिकाणची केंद्रे ती स्वतंत्रपणे विकत घेऊन दाखवत. अशा व्यवस्थेत भाग कोणत्याही क्रमाने दाखवता आले तर सोयीचे, म्हणून प्रत्येक गोष्ट त्याच भागात संपवण्याकडे कल राहिला. दुसरे बंधन रॉडनबेरी यांचे होते. चोविसाव्या शतकातली माणसे हेवेदावे, लोभ यांच्या पलीकडे गेलेली असतील आणि यानावरच्या सहकाऱ्यांत भांडणे नसतील, असा त्यांचा आग्रह होता. लेखकांना तो जाचक वाटे. पहिली दोन पर्वे त्यामुळे ताठर झाली आहेत. मात्र याच बंधनातून या मालिकेचा खास सूर घडला : शांत, सभ्य, टेबलाभोवती बसून प्रश्न सोडवणारा. बाहेरच्या शत्रूपेक्षा एखादे तत्त्व इथे कसोटीला लागते.

‘द मेझर ऑफ अ मॅन’ (१९८९) या भागात यंत्रमानव डेटा ही स्टारफ्लीटची मालमत्ता आहे की स्वतःबद्दल निर्णय घेण्याचा हक्क असलेली व्यक्ती, यावर सुनावणी होते. डेटाच्या मित्रालाच, रायकरला, त्याच्या विरोधात बाजू मांडावी लागते. भर सुनावणीत रायकर डेटाच्या पाठीमागचे बटण दाबतो आणि डेटा टेबलावर कोसळतो. एकही गोळी न झाडता आलेला हा धक्का आहे. मित्राशी भांडण नको या नियमाला हात न लावता लेखिकेने मित्रांना समोरासमोर उभे केले. अशी युक्ती त्या बंधनाशिवाय सुचली असती असे वाटत नाही.

१९८९ मध्ये, तिसऱ्या पर्वात, मायकल पिलर यांनी लेखनाची सूत्रे हाती घेतली आणि गोष्टी पात्रांभोवती फिरू लागल्या. त्यांनी बाहेरच्या, अनोळखी लेखकांच्या पटकथा वाचायला सुरुवात केली. रोनाल्ड मूर त्याच वाटेने आत आले. मालिका थोडे थोडे लक्षातही ठेवू लागली. बोर्ग या अर्धयंत्र जमातीने यानाचा कॅप्टन पिकार्ड याला पकडून आपल्यासारखे यंत्र बनवले, त्यानंतरचा ‘फॅमिली’ हा भाग (१९९०) जवळजवळ सगळा फ्रान्समधल्या त्याच्या भावाच्या द्राक्षमळ्यात घडतो. दोघे भाऊ चिखलात मारामारी करतात आणि पिकार्ड रडतो. ‘द इनर लाइट’ (१९९२) मध्ये तो पंचवीस मिनिटांच्या बेशुद्धीत एका नष्ट झालेल्या ग्रहावर संसार करून म्हातारा होतो. जागा झाल्यावर हाती उरते ती एक बासरी. ती बासरी पुढच्या वर्षीच्या एका भागात पुन्हा वाजते. पण एवढेच. चाळीस वर्षांचे आयुष्य जगून आलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात खुर्चीत पूर्ववत बसतो.

डीप स्पेस नाइन : जानेवारी १९९३ ते जून १९९९, १७६ भाग. इथे यान जाऊन अंतराळस्थानक आले, आणि सगळा समूहच बदलला. यान निघून जाते; स्थानक जागचे हलत नाही. आज दुखावलेला शेजारी उद्याही दारात उभा असतो. बजोर हा ग्रह कार्डेशियन सत्तेच्या जाचातून नुकताच सुटला आहे. तिथली सैनिक कीरा, आकार बदलणारा कोतवाल ओडो, नफेखोर क्वार्क हे स्टारफ्लीटचे नाहीत. त्यामुळे रॉडनबेरींचा नियम न मोडताही रोजची भांडणे शक्य झाली. पिलर आणि निर्माते रिक बर्मन यांनी मांडलेला हा डाव लेखक-निर्माते आयरा स्टीव्हन बेर यांनी पुढे नेला. मालिका सुट्या भागांचीच राहावी या दबावाला न जुमानता त्यांनी १९९७ च्या शरद ऋतूत सलग सहा भागांची युद्धकथा आणि शेवटी दहा भागांचा समारोप लिहवून घेतला.

पहिल्याच पर्वातला ‘ड्युएट’ (१९९३) जवळपास एका कोठडीत घडतो. श्रमछावणीचा क्रूर अधिकारी म्हणून पकडलेला कार्डेशियन माणूस खरे तर तिथला कारकून आहे. आपल्या लोकांना गुन्हा कबूल करायला लावावे म्हणून तो मेलेल्या अधिकाऱ्याचे सोंग घेऊन फाशी मागतो. कीराचा द्वेष या दोन पात्रांच्या बोलण्यातून वितळत जातो. खर्च फारसा नाही, युक्त्या नाहीत. पात्रांचा भूतकाळ पक्का असला की दोन खुर्च्यांवरही नाटक उभे राहते.

‘इन द पेल मूनलाइट’ (१९९८) हा भाग या मालिकेचे शिखर मानला जातो आणि ते योग्यच आहे. डोमिनियन या परक्या साम्राज्याशी चाललेले युद्ध हरण्याची वेळ आल्यावर कॅप्टन सिस्को रोम्युलनांना आपल्या बाजूने ओढण्यासाठी खोटा पुरावा तयार करवतो. खोटेपणा उघडा पडतो तेव्हा पूर्वीचा हेर आणि आताचा शिंपी गॅराक रोम्युलन सिनेटरचे यान स्फोटाने उडवतो, बनावट पुरावा करणाऱ्यालाही संपवतो. रोम्युलन युद्धात उतरतात. बेत फसत नाही. फसला असता तर प्रेक्षकाची सुटका झाली असती. गोष्ट सिस्को थेट कॅमेऱ्याकडे पाहत आपल्या नोंदवहीत सांगतो. मूळ मालिकेत प्रेक्षकाच्या सोयीसाठी असलेली नोंदवही इथे कबुलीजबाब होते, आणि शेवटी तो ती पुसून टाकतो.

युद्धाची किंमत दुय्यम पात्रांनाही चुकवावी लागते. कोवळा अधिकारी नॉग एका भागात पाय गमावतो. थोड्याच भागांनंतर एक अख्खा भाग त्याच्या भेदरलेल्या मनाला दिला आहे. कृत्रिम पाय बसला तरी तो लंगडतो. वैद्यकीयदृष्ट्या त्याचे काही दुखत नाही. शेवटच्या पर्वात, समारोप तोंडावर असताना, यासाठी जागा काढणे हीच या मालिकेची वृत्ती.

व्हॉयेजर आणि एंटरप्राइज : ‘व्हॉयेजर’ (जानेवारी १९९५ ते मे २००१, १७२ भाग) ही यूपीएन या नव्या वाहिनीची मुख्य मालिका होती. यान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले गेले आहे आणि त्यावर स्टारफ्लीटचे लोक व बंडखोर एकत्र आहेत. परिणामांची गोष्ट सांगायला याहून चांगली मांडणी मिळणे कठीण. मालिकेने ती वापरली नाही. बंडखोर लवकरच निमूट झाले, यान दर आठवड्याला नव्यासारखे चकाकू लागले. ‘टूविक्स’ (१९९६) मध्ये वाहतूकयंत्राच्या अपघातात दोन सहकारी मिळून एकच नवा माणूस तयार होतो. तो मित्र जोडतो, काम करतो, आणि दोघांना परत मिळवायचे तर त्याला मरावे लागणार असे कळल्यावर जिवाची भीक मागतो. डॉक्टर ती प्रक्रिया करायला नकार देतो, तेव्हा कॅप्टन जेनवे स्वतः ती करते आणि न बोलता बाहेर पडते. चाहते आजही या निर्णयावर भांडतात. मालिका मात्र पुढच्या आठवड्यात दुसरीकडे वळली. ‘इयर ऑफ हेल’मध्ये (१९९७) यानाची दुर्दशा अखेर दाखवली गेली, पण शेवटी काळ मागे फिरून ते वर्षच पुसले गेले. तरीही बोर्गांतून सुटलेली सेव्हन ऑफ नाइन आणि होलोग्राम डॉक्टर या दोघांच्या माणूस होण्याच्या प्रवासात व्हॉयेजरने स्मरण जपले, आणि म्हणूनच तीच दोन पात्रे सर्वांत जिवंत वाटतात.

‘एंटरप्राइज’ (२००१ ते २००५, ९८ भाग) दोन पर्वे जुन्या चाकोरीत अडकली. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी पृथ्वीवर हल्ला होतो आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची सावली पडलेल्या तिसऱ्या पर्वात वर्षभर एकच शोधमोहीम चालते. त्यातल्या ‘डॅमेज’ (२००४) या भागात कॅप्टन आर्चर एका निरपराध यानाचा महत्त्वाचा सुटा भाग बळाने लुटतो. त्या लोकांना घरी पोचायला तीन वर्षे लागणार, हे त्याला ठाऊक असते. सिस्को, जेनवे आणि आर्चर यांचे हे तीन निर्णय शेजारी ठेवले की मालिकांचे स्वभाव लख्ख दिसतात. चौथ्या पर्वात लेखक-निर्माते मॅनी कोटो यांनी दोन-तीन भागांच्या छोट्या कथा गुंफल्या. हा मध्यममार्ग फार चांगला जमला होता. मालिका तिथेच बंद पडली.

स्ट्रीमिंगचा काळ : बारा वर्षांच्या खंडानंतर आलेल्या ‘डिस्कव्हरी’ने (२०१७ ते २०२४, ६५ भाग) पूर्ण पर्व म्हणजे एक सलग कथा ही रीत स्वीकारली. नायिका मायकल बर्नहॅम सुरुवातीला कॅप्टन नाही. तिच्या बंडाचा परिणाम पहिले पर्व चालवतो. सूर भावनांनी तुडुंब आहे, प्रत्येक पर्वात सगळे विश्व धोक्यात असते. पूर्वी वर्षाला सव्वीसच्या आसपास भाग असत. त्यात फसलेले भाग पुष्कळ, पण कुणी पत्ते खेळतोय, कुणी नाटकाची तालीम करतोय अशा निवांत प्रसंगांनाही जागा होती. दहा-पंधरा भागांच्या पर्वात ती उरली नाही, आणि सहकाऱ्यांची ओळख अपुरी राहिली. ‘पिकार्ड’च्या (२०२० ते २०२३) तीन पर्वांना तर तीन वेगळे सूर आहेत.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ने गोष्टी सुट्या केल्या, पण पात्रांची मने सुटी केली नाहीत. कॅप्टन पाइकला आपले पुढचे भयंकर अपंगत्व आधीच कळलेले आहे आणि ते त्याच्या वागण्यात झिरपत राहते. दुसऱ्या पर्वात अ‍ॅनिमेशनमधल्या पात्रांना हाडामांसाच्या रूपात आणणारा विनोदी भाग, लगेच युद्धाने आतून पोखरलेल्या डॉक्टरचा काळाकुट्ट भाग आणि त्यानंतर संपूर्ण संगीतिका अशी रांग लागते. १९६७ नंतर इतकी मोठी उडी क्वचितच मारली गेली होती. दर वेळी ती साधतेच असे नाही.

मुलांसाठीच्या ‘प्रॉडिजी’ने (२०२१ ते २०२४) अ‍ॅनिमेशनमध्ये सलग साहसकथा सांगितली. ‘लोअर डेक्स’ (२०२० ते २०२४, ५० भाग) ही अर्ध्या तासाची विनोदी मालिका, पण समूहाचे सगळ्यात घट्ट स्मरण तिच्यात आहे. तिच्यातल्या सेरिटोस यानाचे काम ‘दुसरा संपर्क’ साधण्याचे आहे : मोठी याने नवा ग्रह शोधून निघून गेली की मागचे व्यवहार यांनी पाहायचे. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात हे यान बीटा ३ या ग्रहावर जाते. १९६७ च्या एका भागात कर्कने तिथल्या लोकांवर राज्य करणारा लँड्रू नावाचा संगणक नष्ट करून त्यांना मुक्त केले होते. सेरिटोसचे लोक पोचतात तेव्हा ते पुन्हा लँड्रूचीच पूजा करत असतात.