दुसरी बँक आली की काय बदलतं?

एखाद्या भागात एकच बँक असली की ती सुस्तावते. रांग लांबली तरी तिचं काही बिघडत नाही, ग्राहक जाणार कुठे? मक्तेदाराचा खरा नफा म्हणजे निवांत आयुष्य, असं जॉन हिक्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९३५ मध्येच म्हटलं होतं. दुसरी बँक आली की हा निवांतपणा संपतो. खर्चाला कात्री लागते, ठेवींवर चार पैसे जास्त मिळतात.

पण बँकेचा माल म्हणजे उधारी, आणि तिथे गणित फिरतं. ठेवीवर ५ टक्के देऊन कर्जावर ९ टक्के घेतले, तर हाती ४ उरतात. शंभराचं एक कर्ज पूर्ण बुडालं, की तशा पंचवीस कर्जांची वर्षभराची कमाई गेली. चढाओढीत हा फरक २ टक्क्यांवर आला, तर पन्नास कर्जांची! मायकेल कीली या अर्थतज्ज्ञांनी १९९० मध्ये अमेरिकी बँकांबाबत असाच धोका मांडला : स्पर्धेने बँकेच्या परवान्याचं मोल, म्हणजे त्यावर पुढे मिळणारा नफा, घटलं, तशा बँका भांडवल कमी आणि जोखीम जास्त ठेवू लागल्या. गमावण्यासारखं फार उरलं नाही की हात सैल सुटतो. अर्थात मक्तेदारीही निर्धोक नाही. चढं व्याज फेडायला कर्जदारच धाडसी व्यवहारांत उतरतो, असं बॉइड आणि डी निकोलो या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं.

मला मात्र सगळ्यात अस्वस्थ करतो तो पीटरसन आणि रघुराम राजन यांचा १९९५ चा निष्कर्ष. जिथे बँका मोजक्याच, तिथे नवख्या उद्योगांना कर्ज जास्त सहज मिळत होतं. बँक सुरुवातीला कमी व्याजात सांभाळून घेई आणि धंदा रुळला की भरपाई करून घेई. स्पर्धेत तो रुळलेला ग्राहक शेजारची बँक अर्धा टक्का कमी लावून पळवते. मग पहिलीने ती कठीण वर्षं सोसायची कशाला?

बँकेच्या सामाजिक जबाबदारीचंही असंच आहे. देणग्या, वृक्षारोपण डोळ्यांना दिसतं, त्यामुळे चढाओढीत ते वाढूही शकतं. नवख्याला दिलेला वेळ जाहिरातीत दिसत नाही, आणि माझ्या मते बँकेची खरी सामाजिक जबाबदारी तिथेच आहे. अशा जबाबदारीसाठी अमेरिकेने १९७७ मध्ये कायदाच केला. ज्या वस्तीतून ठेवी घेता, तिथल्या कमी उत्पन्नाच्या लोकांच्या कर्जाची गरज भागवता का, हे तपासलं जातं आणि नवी शाखा किंवा विलीनीकरणाची परवानगी देताना ते विचारात घेतलं जातं.