वनस्पतिजन्य विमानइंधन : खानदेशातून दिसणाऱ्या शंका

तेलबिया, मका, उसाची मळी किंवा शेतातला काडीकचरा यांपासून केलेले विमानइंधन खरोखर पर्यावरणाच्या हिताचे आहे का, याविषयीचा आक्षेप. इंजिनात फरक जवळजवळ नाही. एक किलो इंधन जळाले की, ते खनिज असो वा वनस्पतीचे, तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बचत मांडली जाते ती पिकाने वाढताना हवेतून घेतलेल्या कार्बनच्या जोरावर. म्हणून खरा प्रश्न जमिनीचा: हे पीक नसते तर तिथे काय असते?

खानदेशात मोगली एरंड (जट्रोफा) बांधावर कुंपणाला चालतो, कारण गुरे त्याला तोंड लावत नाहीत. २००३ पासून देशभर तो ‘पडीक’ जमिनीवर लावायचा आग्रह झाला. २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचे विमान त्याच्या तेलापासूनचे इंधन मिसळून डेहराडूनहून दिल्लीला गेले. पण हिशेब करून पाहावा. देशांतर्गत मार्गावरचे नेहमीचे जेट तासाला अडीच टनांच्या आसपास इंधन पिते. बियांत तेल सुमारे एक तृतीयांश; ते सगळे इंधन झाले असे धरले तरी तासाला साडेसात टन बी लागते. कोरडवाहू माळावर हेक्टरी टनभर बी आले तरी पुष्कळ. म्हणजे तासाभराच्या उड्डाणाला सात-आठ हेक्टरांचे वर्षभराचे पीक.

आणि तो माळ रिकामा नसतो. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या अशाच जमिनीवर जगतात. कागदावर पडीक म्हटल्याने चराई संपत नाही. ती दुसरीकडे सरकते आणि तिथले गवत, झाडोरा तुटतो. हा कार्बन इंधनाच्या खात्यात धरलाच पाहिजे.

मक्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या कार्बन-हिशेबाच्या ‘कोर्सिया’ योजनेत खनिज इंधनाचा आधारांक दर मेगाज्यूल ऊर्जेमागे ८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड (समतुल्य) आहे. अमेरिकी मक्याच्या इथेनॉलपासून केलेल्या इंधनाला, जमीनबदल धरून, प्रमाण मूल्य ९०.८ दिले आहे. वापरलेल्या खाद्यतेलाचे मात्र १३.९, पण असे तेल मिळणार किती?

पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, दावा त्यामानाने बळकट आहे. वेचणी संपली की त्या उपटून बांधावर रचतात. जिथे त्या नुसत्याच पेटवल्या जातात, तिथे फायदा खरा. पण ज्या सरपण म्हणून चुलीशी जातात किंवा कुट्टी होऊन काळ्या जमिनीत मुरतात, त्यांना टाकाऊ कसे म्हणणार?