लोणारी की दगडी? भट्टी जुळवण्याआधी कोळसा ठरवा

भंगारातून लोहारकामाची भट्टी जुळवायला निघालेली मुलं नाशकात मला अधूनमधून भेटतात. ट्रकचा ब्रेक ड्रम मिळालेला असतो, दोन इंची पाइप मिळालेला असतो, सातपूरच्या एखाद्या भंगारवाल्याकडून ब्लोअरही आणलेला असतो. मग शेवटी विचारतात, "यात कोळसा कुठला घालू?" हा प्रश्न सगळ्यात आधी पडायला हवा. 'कोळसा' हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंना वापरतो, आणि त्या दोघांना भट्टी वेगवेगळी लागते.

लोणारी कोळसा म्हणजे लाकूड अपुऱ्या हवेत जाळून उरलेला. इस्त्रीवाल्याकडे असतो तो, कणसं भाजणाऱ्याच्या शेगडीत असतो तो. दगडी कोळसा खाणीतला. नाशिकच्या काळ्या पाषाणात तो नाही. महाराष्ट्रातल्या त्याच्या खाणी विदर्भात, चंद्रपूर-वणीकडे. पोत्यात नक्की काय आहे हे कळत नसेल तर एक तुकडा बादलीत टाका. लोणारी तरंगतो, दगडी तळाला जातो. लोणारी मोडला तर आत लाकडाची वर्तुळंसुद्धा दिसतात.

फसगत होते ती दगडी कोळशात, कारण त्यातही जात असते. लोहाराला हवा तो तापल्यावर फुगणारा, एकमेकांना चिकटणारा. त्यातला धूर आणि वायू निघून गेले की मागे सच्छिद्र कोक उरतो, आणि लोखंड तापतं ते या कोकवर. म्हणून कच्चा कोळसा कडेला रचायचा, थोडं पाणी शिंपडायचं आणि तो भाजत आला की हळूहळू आत ढकलायचा. असा कोळसा आपल्या देशात मुख्यतः झारखंडातल्या झरियाचा. वीज केंद्रात जातो तो बहुधा या कामाचा नसतो. तो चिकटत नाही, आणि त्यात 30 ते 45 टक्के राख असते.

ही राख वितळून जाळीवर बसते. तिला मी खंगर म्हणतो. एकदा कमानपाट्याची पट्टी तापवत होतो. आग वरून झकास पिवळी दिसत होती, पण पट्टी काही केल्या मंद लालच्या पुढे जाईना. मी हवा वाढवली, तरी तेच. शेवटी ब्लोअर बंद करून चार-पाच मिनिटं थांबलो आणि सळईनं तळ उचकला. अर्ध्या भाकरीएवढा, काचेसारखा चकाकणारा काळा गोळा निघाला. तो बरोबर हवेच्या भोकांवर बसला होता, म्हणून आगीच्या पोटात वारा पोचतच नव्हता. दगडीवर काम करायचं तर ब्रेक ड्रमच्या तळाला जाळी हवी, खाली टी-जोड हवा आणि त्याच्या बुडाला राख पाडायचं झाकण हवं. हे भंगार दगडी कोळशासाठीच शोभतं.

लोणारीला यातलं फारसं काही लागत नाही. राख जेमतेम, गंधक जवळजवळ नाही, धूर नाही. त्याला खोली मात्र हवी. तो हलका असतो, भराभर जळतो, म्हणून उथळ ड्रममध्ये पट्टीच्या खाली पुरता निखारा राहत नाही. कडेनं विटा लावून सहा इंच तरी थर धरा. हवा मऊ द्या. मोटरचा ब्लोअर पूर्ण सोडलात तर ठिणग्यांचं कारंजं उडतं आणि कोळसा अंगावर येतो. हातानं फिरवायचा पंखा याला उत्तम. आठवडी बाजाराला येणारे घिसाडी जमिनीत खड्डा करून बाजूनं वारा देतात. लोणारीसाठी ती मांडणी मला आजही सगळ्यात शहाणी वाटते.

हवा थांबवली की दगडीचा कोक झोपी जातो. लोणारी मात्र तुम्ही ऐरणीवर असतानाही जळत राहतो, म्हणून पोतं लवकर संपतं. पण उष्णतेत तो कमी नाही. 1709 साली इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीनं कोकवर लोखंड गाळून दाखवलं, तोवर युरोपातल्या झोतभट्ट्या लाकडी कोळशावरच चालत होत्या. खुरपं, विळा, छिन्नी यांना लागणारी नारिंगी-पिवळी ऊब, म्हणजे साधारण 1000 ते 1100 अंश, तो सहज देतो.

कॉलनीत राहत असाल, शेजारी खिडक्या असतील, तर लोणारीच घ्या. दगडी पेटताना पहिली काही मिनिटं जो पिवळट धूर निघतो, तो कुणी सहन करणार नाही. मोकळा मळा असेल आणि जाड पट्ट्या रोज तापवायच्या असतील तर चांगला दगडी शोधा, आक्रोडाएवढे तुकडे ठेवा, चुरा चाळून काढा.

दोन्हींना लागू असलेली गोष्ट पाइपची. आगीजवळ काळा, म्हणजे मुलामा नसलेला लोखंडी पाइपच लावा; जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, नको. त्यावरचं जस्त तापलं की पांढरा धूर येतो आणि तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि धूर दिसत नाही म्हणून लोणारीची भट्टी बंद खोलीत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो.