गाळाच्या पोटात तेल

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी रेनफ्र्यू नावाचं गाव आहे. तिथल्या विल्यम सायमन्स कंपनीच्या गोदीचं नाव झालं ते ड्रेजरसाठी, म्हणजे बंदरांच्या आणि नद्यांच्या तळाचा गाळ उपसणाऱ्या जहाजांसाठी. १९१८ मध्ये याच गोदीत ड्रेजर म्हणून आखलेलं एक जहाज तेलवाहू होऊन पाण्यात उतरलं आणि ब्रिटिश नौदलाच्या साहाय्यक ताफ्यात दाखल झालं. त्या ताफ्यातल्या बऱ्याच तेलवाहू जहाजांच्या नावांचा शेवट ‘ऑल’ असा होत असे. याचं नाव ठेवलं ‘ड्रेजॉल’.

गाळ उपसायच्या जहाजात तेल का भरावं लागलं, हे समजायला १९१७ साल पाहावं लागतं. ब्रिटिश नौदलाने पहिल्या महायुद्धाच्या आधीच कोळसा सोडून तेलाकडे वळायला सुरुवात केली होती. ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गाच्या नव्या युद्धनौका तर फक्त तेलावर चालत. पण ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक आणि तेल जवळपास नाहीच. सगळं समुद्रापलीकडून आणायचं. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मन पाणबुड्यांनी दिसेल ते जहाज बुडवायला सुरुवात केली. एकट्या एप्रिल महिन्यात साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजं तळाला गेली. तेलाचे साठे इतके खाली आले की युद्धनौकांच्या वेगावर बंधन घालावं लागलं. मग तेल आणण्यासाठी मिळेल ती जागा वापरली गेली. साध्या मालवाहू जहाजांच्या दुहेरी तळात, जिथे एरवी तोल राखायला पाणी भरतात, तिथे तेल भरून अटलांटिक ओलांडला गेला. अशा वेळी गोदीत अर्धवट उभा असलेला पोलादी सांगाडा म्हणजे हाताशी आलेलं जहाजच. आणि तो ड्रेजरचा असेल, तर तेलासाठी तो इतर कुठल्याही मालवाहू जहाजापेक्षा जवळचा.

बऱ्याच ड्रेजरच्या पोटात एक भलीमोठी हौद असते, तिला हॉपर म्हणतात. सक्शन ड्रेजर तळापर्यंत जाड नळी सोडतो, पंपाने पाणी आणि गाळ एकत्र ओढतो आणि हॉपरमध्ये टाकतो. गाळ खाली बसतो, वरचं पाणी कडेवरून वाहून जातं. हॉपर भरली की जहाज खोल समुद्रात जातं आणि तळाचे दरवाजे उघडतं. सगळा गाळ खाली सुटतो, जहाज एकदम वर उचललं जातं आणि पुन्हा पुढच्या खेपेला लागतं. दिवसरात्र हेच चक्र. लिव्हरपूलच्या ‘लेव्हायथन’ या ड्रेजरच्या हॉपरमध्ये १०,००० टन रेती मावत असे, म्हणजे ही जहाजं लहानसहान नव्हती.

थोडक्यात, ड्रेजर हे आधीपासूनच पंपाने भरायचं, पोटात पातळ माल वाहणारं जहाज. त्यात तो वजनालाही तयार असतो. १,००० घनमीटर ओल्या रेतीचं वजन सुमारे १,९०० टन भरतं. तेवढ्याच जागेतल्या फर्नेस ऑइलचं, म्हणजे बॉयलरमध्ये जाळायच्या जाड तेलाचं, जेमतेम ९५० टन. दुप्पट ओझ्यासाठी बांधलेल्या सांगाड्याला तेलाचं वजन जड जात नाही. उलट हॉपर काठोकाठ तेलाने भरली तरी जहाज पुरतं बसत नाही. हॉपर जहाजाच्या पूर्ण रुंदीची नसते. दोन्ही बाजूंना हवेचे बंद कप्पे असतात, कारण दरवाजे उघडल्यावर आत समुद्राचं पाणी शिरतं, तेव्हा जहाजाला तरंगत ठेवण्याचं काम याच कप्प्यांचं. दरवाजे एकदा कायमचे बंद केले, की या कप्प्यांतल्या काही जागेतही तेल घेता येतं.

खरी मेहनत आहे ती हे दरवाजे बंद करण्यात. गाळाच्या दरवाजातून थोडं पाणी झिरपलं तर कुणाचं काही बिघडत नाही. तेलात मात्र समुद्राचं पाणी मिसळलं तर ते बॉयलरच्या ज्वालेपर्यंत पोहोचतं, ज्वाला फडफडते, विझूही शकते. आणि बाहेर गळलेलं तेल पाण्यावर तवंग धरतं, म्हणजे पाणबुडीला आयता माग. म्हणून दरवाजे, बिजागऱ्या, साखळ्या काढून तिथे अखंड तळ बसवावा लागतो. त्या काळी पत्रे रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवलेल्या जाड खिळ्यांनी, जोडत. पाण्यासाठीचा सांधा बारीकसा झिरपत असला तर काही काळाने गंज आणि मीठ बसून आपोआप बुजतो. तेलाच्या सांध्यात गंज धरत नाही, त्यामुळे तेल केसाएवढ्या फटीतूनही वाट काढत राहतं. म्हणून तेलाच्या टाकीचे रिव्हेट अधिक जवळजवळ मारतात आणि पत्र्यांच्या कडा ठोकून ठोकून घट्ट बसवतात. आज आपण तेलवाहू जहाज म्हटलं की त्याचा आकार पाहून थक्क होतो. मला विचाराल तर त्याची खरी कारागिरी या सांध्यांत आहे.

हॉपर वरून उघडी असते. तेलाला छत हवं, कारण लाटेचं पाणी आत यायला नको आणि वाफा बाहेर साचायला नकोत. पण छत घालून टाकी गच्च भरूनही चालत नाही. तेलाचं तापमान २० अंशांनी वाढलं तर त्याचं आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढतं. १,००० घनमीटर तेलाला आणखी चौदा-पंधरा घनमीटर जागा लागते. म्हणून टाकीच्या वर एक अरुंद चौकोनी मान ठेवतात आणि तेल त्या मानेपर्यंत भरतात. प्रसरण पावलेलं तेल मानेत चढतं.

या मानेचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. परातीत पाणी घेऊन चालून पाहा: परात जराशी कलली की सगळं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलतं करतं. अर्धवट भरलेल्या टाकीचं जहाजात हेच होतं. याचा जोर तेलाच्या मोकळ्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तेल मानेपर्यंत भरलेलं असलं, की हा पृष्ठभाग अरुंद मानेपुरताच उरतो. टाकी अर्धवट भरलेली असेल तेव्हा दुसरा उपाय लागतो. टाकीच्या मधोमध लांबीला एक भिंत घातली, तर प्रत्येक अर्ध्या टाकीतला परिणाम आठपट घटतो आणि दोन्ही मिळून तो मूळच्या एक चतुर्थांशावर येतो. एका पोलादी भिंतीने जहाजाच्या स्थैर्यात एवढा फरक पडतो! पातळ गाळही असाच डचमळतो, पण तो बसत जातो. तेल कधीच बसत नाही.

पंपही बदलावे लागतात. ड्रेजरच्या पंपाची पाती आणि बाहेरचं कवच यांच्यात दगड-गोटे निसटतील एवढी मोकळीक ठेवलेली असते. थंडीत काकवीसारखं घट्ट झालेलं तेल असा पंप नीट ढकलू शकत नाही. तिथे दट्ट्याचे वाफेवर चालणारे पंप लागतात, ते प्रत्येक फटक्याला ठरावीक माप पुढे सरकवतात. शिवाय टाकीत वाफेच्या नळ्यांची वेटोळी घालून तेल आधी गरम करावं लागतं. आणि बॉयलरची खोली व टाकी यांच्यामध्ये दोन भिंतींचा रिकामा कप्पा सोडावा लागतो, म्हणजे गळती झाली तरी ती आगीपर्यंत जात नाही.

ड्रेजर सहसा संथ असतो. महासागर ओलांडायला हा दोष, पण बंदरातल्या कामाला नाही. गाळाच्या ओळीवर हळूहळू, नेमक्या जागी चालायचं असल्याने बऱ्याच ड्रेजरना जहाज ढकलणारे दोन पंखे असतात आणि हे ड्रेजर उथळ पाण्यातही फिरतात. नांगरलेल्या युद्धनौकेला अलगद भिडून, नळी जोडून तेल द्यायचं काम याच गुणांवर चालतं.

या सगळ्याला एक किंमत होती, आणि ती क्लाइडच्या काठावर तर सहज कळणारी. ही नदी मुळात खोल नाही. १७५५ मध्ये अभियंता जॉन स्मीटनने ग्लासगोजवळ ओहोटीच्या वेळी एका ठिकाणी तिची खोली मोजली, ती भरली फक्त १५ इंच. पुढच्या पिढ्यांनी गाळ काढून काढून तिच्यात महाकाय जहाजं तरंगवली. उपसा थांबला की नदी पुन्हा भरायला लागते. युद्धात तेलासाठी वळवलेला प्रत्येक ड्रेजर म्हणजे कुठल्यातरी बंदराचा थांबलेला उपसा.

दुसऱ्या महायुद्धात या घराण्यातलं आणखी एक जहाज तेलाच्या कामी आलं, वेगळ्या तऱ्हेने. इंग्लंडमधून फ्रान्सला समुद्रतळावरून पेट्रोल पोहोचवायची ‘प्लूटो’ योजना आखली गेली. त्यातली ३ इंची पोलादी नळी चाकाभोवती गुंडाळून समुद्रात सोडता येते का, हे पाहायला गाळ वाहणारं एक बार्ज, म्हणजे सपाट तळाचं मालवाहू जहाज, घेतलं आणि त्याच्या हॉपरच्या मोकळ्या जागेत भलंमोठं चाक बसवलं. ‘पर्सिफोनी’ असं नाव मिळालेल्या या बार्जने चाचणीची नळी टाकून दाखवली. तेलवाहू करताना जी उघडी हौद आधी झाकावी लागते, तीच इथे कामाची ठरली. पुढे प्रत्यक्ष इंग्लिश खाडी ओलांडण्यासाठी तरंगते ढोल बांधले गेले. नळी गुंडाळल्यावर त्या एकेका ढोलाचं वजन सुमारे १,६०० टन होई, आणि ते ओढायला टग लावावे लागत.