सॅमसंगने ॲपलला ट्रक भरून चिल्लर दिली? छे!

पेटंटची केस हरल्यावर सॅमसंगने 100 कोटी डॉलरची भरपाई म्हणून ॲपलच्या ऑफिसला 5 सेंटच्या नाण्यांचे 30 ट्रक पाठवले, ही पोस्ट 2012 पासून फिरतेय आणि अजूनही कोणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकतंच. वाचायला भारी आहे, पण असं काही झालंच नाही, मेक्सिकोतल्या एका विनोदी वेबसाइटची ती पुडी.

नुसता हिशोब करा ना. 5 सेंटचं नाणं 5 ग्रॅमचं. 100 कोटी डॉलर म्हणजे 2000 कोटी नाणी, म्हणजे 1 लाख टन! 30 ट्रकमध्ये भरायचं तर एकेका ट्रकवर तीन हजार टनांच्या वर, कुठला ट्रक उचलतो हो एवढं?

आणि ऑगस्ट 2012 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात ज्युरीने फक्त आकडा सांगितला होता, साधारण 105 कोटी डॉलर, पैसे लगेच द्यायचेच नव्हते. पुढे जज लूसी को यांनी त्यातले जवळपास 45 कोटी रद्द केले, त्या भागाची परत ट्रायल झाली, 54.8 कोटी द्यायला सॅमसंग तयार झाली ती थेट डिसेंबर 2015 मध्ये, तरी डिझाइन पेटंटच्या (म्हणजे वस्तूच्या दिसण्यावरच्या हक्काच्या) नुकसानभरपाईवरून मामला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलाच आणि शेवटी 2018 मध्ये सेटलमेंट झाली. सॅमसंगनेही उलट 3जीच्या पेटंटवरून ॲपलवर दावा ठोकला होता, त्यात ज्युरीने एक डॉलरही दिला नाही, पण हे कोण फॉरवर्ड करणार!