भात कमी करा, हा सल्ला आला कुठून?

गोव्यात फोंड्याला आमच्या घरी सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज होते. सोबत कैरीचं लोणचं, नाहीतर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर. आईची साखर वाढली तेव्हापासून तिच्या वाडग्यात शितं मोजकी आणि निवळ, म्हणजे वरचं पाणी, जास्त असते. वजन उतरवायचं तर भात सोड, असं तिला शेजारणीपासून मोबाइलवरच्या व्हिडिओपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. हे सगळं नवं फॅड आहे असं आधी मलाही वाटायचं, पण या सल्ल्याची मुळं फार जुनी आहेत.

चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांची, कारणं दिली आहेत: बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. म्हणजे गोड आणि धान्य यांच्या आधी तिथं बैठी राहणी येते. उपचारात जव आणि व्यायाम सांगितले आहेत. युरोपात जॉन रोलो या लष्करी डॉक्टरने 1797 मध्ये मधुमेहाच्या रुग्णाला मांसाहारावर ठेवून लघवीतली साखर कमी केल्याचं लिहिलं.

निव्वळ वजनासाठी साखर-पिठाचे पदार्थ टाळायचा हा आहार गाजला तो लंडनच्या विल्यम बँटिंगमुळे. अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणं हा त्याचा व्यवसाय. वय साठीच्या पुढे, उंची साडेपाच फुटांच्या आत आणि वजन 202 पौंड. जिना उतरताना तो उलटा उतरायचा, गुडघ्यांवर भार नको म्हणून. ऐकू कमी येतं म्हणून तो विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरकडे गेला. यकृत आणि साखर यांवरची क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाची व्याख्यानं हार्वे पॅरिसला ऐकून आला होता. त्याने पाव, साखर, बटाटे, बिअर बंद करायला सांगितलं. वर्षभरात 46 पौंड, म्हणजे जवळपास 21 किलो उतरले. 1863 मध्ये बँटिंगने स्वखर्चाने पुस्तिका छापली आणि ती इतकी पसरली की स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही ‘बांता’ म्हणतात.

पुढे 1921 मध्ये अपस्माराच्या (फिट येण्याच्या) रुग्णांसाठी कीटो, म्हणजे भरपूर चरबीचा आणि अगदी कमी साखर-पिठाचा आहार सुचवला गेला, 1972 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी त्याच वाटेचा आहार घरोघरी नेला. आपल्याकडे डॉ. दीक्षितांचं दोन वेळचं जेवण पोचलं. ते लो कार्ब, म्हणजे साखर-पिष्ट (कार्ब) कमी करणं, नव्हे, पण इन्सुलिनचा विचार तिथंही मध्यभागी आहे.

गोव्यात मात्र ताट समजून घ्यायला शेताकडे बघावं लागतं. खाडीकाठच्या खाजन जमिनीत बांध घालून, खारं पाणी सोसणारं कोरगूट हे भात पिकवलं जायचं. चिखलणी-लावणी करणाऱ्या अंगाला पेज लागायचीच. पाव आणला पोर्तुगिजांनी, तो फुगवायला माडाची सूर (ताडीसारखा आंबलेला रस) वापरली. आज चिखलणी नाही, पण भात आणि उंडो (गोल पाव) तेवढेच. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासात गोव्यात मधुमेहाचं प्रमाण 26.4 टक्के निघालं, देशात सर्वाधिक. देशाची सरासरी 11.4. हा आकडा वाचून मला खरंच धस्स झालं.

पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो तो मुख्यतः पाण्यामुळे. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की तेही जातं. चरबी हळूहळूच उतरते. 2018 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 जणांना वर्षभर कमी कार्ब किंवा कमी फॅटवर ठेवलं, तेव्हा वजन किती उतरलं यात दोन गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. साखर आणि मैदा मात्र दोन्ही गटांना कमी करायला सांगितलं होतं. म्हणूनच मला वाटतं, आपल्याकडे आधी हात आखडावा तो उंड्यावर, बिस्किटांवर आणि गोड चहावर. शितांचा नंबर नंतर. बांगडा, तिसऱ्या (शिंपल्या), वाल, तांबडी भाजी हे सारं आपल्या ताटात आहेच.

एक गोष्ट कुणी विसरू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कार्ब एकदम तोडलं तर साखर धोकादायक खाली जाते. आईच्या डॉक्टरांनी आधी गोळीचा डोस कमी केला, आठवडाभर बोटातून रक्त काढून रोज तपासलं आणि मगच दुपारच्या भाताची वाटी अर्धी केली.